डाव्या अंगाचा उतार

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की भाऊ प्यायला पाणी मागायचे, अर्धा गिलास प्यायचे आणि उरलेला अर्धा तुमच्याच फरशीवर ओतून द्यायचे. मग उकिडवे बसून ते पाणी कोणत्या कोपऱ्याकडे निघालं हे बघत राहायचे. घरची बाई फडकं घेऊन धावली की तिला हातानंच थांबवायचे. पाणी थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

माझ्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. पाणी बैठकीतून निघालं ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन साचलं. पीठ-मिठाचे डबे जमिनीवर ठेवत जाऊ नका, असं भाऊंनी माझ्या बायकोला सांगितलं. ती चिडेल, निदान नाक तरी मुरडेल अशी माझी अपेक्षा होती. माझ्या हातून चार थेंब सांडले तरी ती संध्याकाळपर्यंत ऐकवायची. पण ती पदर खोचून त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, खरंच की हो. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते चार वर्षं थांबलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं थांबलेलं नाही.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात ड्रॉइंग सेक्शनला मी आधीपासून होतो. भाऊ अकोल्याकडून बदलून आले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, अंगानं काटकुळे, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली. उजव्या कानावर कडक शिसाची पेन्सिल आणि डाव्या कानावर मऊ शिसाची. बोलायचे ठेट वऱ्हाडी, समोर फिटर असो की मोठा इंजिनिअर. आणि दर चार वाक्यांनी एकदा ‘उतार’ हा शब्द यायचाच. साहेबाचा मूड कसा आहे हे विचारायचं असलं तरी ते ‘आज उतार कोनीकडे आहे?’ असंच विचारायचे.

ते आले आणि माझी एकेक गोष्ट त्यांच्याकडे वाहत गेली. आधी रेघ गेली. सेक्शनमध्ये माझी रेघ सगळ्यांत चांगली असं दोन वर्षं म्हटलं जात होतं. भाऊंची पहिली शीट टेबलावर पसरली त्या दिवसापासून कुणी म्हटलं नाही. मग अक्षर गेलं. त्यांचे आकडे असे यायचे की कुणी पाहुणा आला की साहेब त्यांचीच शीट उघडून दाखवायचे, आणि माझी शीट खाली वजन म्हणून ठेवायचे, कागद उडू नये म्हणून. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्याकडे रिवाज होता की एकानं काढलेलं ड्रॉइंग दुसऱ्यानं लाल पेन्सिलीनं तपासायचं. भाऊंच्या शीटा तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी त्या शीटांवर जेवढा वेळ घालवला तेवढा माझ्या स्वतःच्या शीटांवर घातला असता तर कुठल्या कुठे गेलो असतो. एकदा एका खांबाचं माप चुकलेलं सापडलं. मी त्याभोवती असा गोल काढला की पेन्सिलीचं टोक मोडलं. भाऊंनी तो गोल बघितला, मला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि बॉयलरच्या लोकांसमोर सांगितलं की यानं आज माझी लाज राखली. त्यांना ते मनापासून वाटत होतं, हेच मला सहन झालं नाही. एवढी हाती आलेली चूकसुद्धा मला धड उपभोगता आली नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. बुद्धिबळ गेलं तेव्हा मात्र अंगाची लाही झाली. कॉलनीच्या क्लबात बुद्धिबळ म्हणजे मी होतो. रविवारी दुपारी माझ्यासमोर बसायला लोक रांग लावायचे आणि हरून खुशीत घरी जायचे. भाऊ एका रविवारी आले, तीन डाव उभ्यानं बघितले आणि म्हणाले की या खेळात सगळी जमीन सपाट आहे. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःचा खेळ आणला. त्याचं नाव ‘टेकडी’.

टेकडी म्हणजे एक नकाशा. त्यावर चौकोनी घरं, घरांवरून गेलेल्या डोंगराच्या रेघा, एक नदी आणि एक पूल. दोघांकडे आठ-आठ वायसर, नट-बोल्टाखाली घालतात त्या लोखंडी चकत्या, ते शिपाई. आणि दोन-दोन नट, त्या तोफा. एका बाजूच्या मोहऱ्यांना लाल ऑक्साइड फासलेला. एक बारी तुमची, एक माझी. बारीत तीन मोहरे हलवायचे, पण जो हलला त्याला त्या बारीत मारता येत नाही. चढावर आणि सपाटीवर एक घर, उतारावर दोन घरं. फासे नाहीत. नशिबाचं काम दवाखान्यात, इथं नाही, असं भाऊ म्हणायचे. आणि नकाशावर एकही अक्षर नाही. खलाशी, म्हणजे केंद्रात ओझी उचलणारे लोकही खेळायला बसतील, त्यांना वाचता येत नसलं तर त्यांनी दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघायचं, हे त्यांचं म्हणणं. उतार कुठल्या बाजूला आहे ते दाखवायला केसासारख्या बारीक रेघा ओढलेल्या असायच्या, तेवढंच.

वेळ मोजायची तऱ्हा त्याहून अजब. घड्याळ नाही. तुमची बारी असली की समोरच्यानं भाजलेल्या भुईमुगाच्या पाच शेंगा फोडून खायच्या. त्याच्या शेंगा संपल्या की तुमची बारी संपली. मी शेंगा भराभर, अर्ध्या चावून गिळायचो. भाऊ एकेक शेंग फोडायचे, दाण्याचं लाल साल काढायचे, ते फुंकून टाकायचे आणि दाणा दाढेखाली ठेवून विचार करायचे. समोरच्याला हवा तेवढा वेळ मिळायचा. एवढा वेळ मिळूनही आपण हरतो याचा राग वेगळाच असतो.

दोन महिन्यांत क्लबातली बुद्धिबळाची पेटी कॅरमच्या स्टँडखाली टेकण म्हणून गेली. कॉलनीत ज्याच्या त्याच्या तोंडी टेकडी. नागपूरकडे टेकडी म्हटलं की माणसाला गणपतीच आठवतो. आमचा एक बॉयलरचा फिटर रविवारी ‘टेकडीवर जाऊन येतो’ म्हणून घरून निघायचा आणि त्याची बायको श्रद्धेनं हातात नारळ द्यायची. तो नारळ क्लबात फुटायचा. चार रविवार झाल्यावर तिनं प्रसाद का आणत नाही म्हणून विचारलं तेव्हा प्रकरण उघडकीला आलं. ती तडक क्लबात आली, भांडायलाच. भाऊंनी तिला बसवून नियम सांगितले. त्यानंतर नारळ बंद झाला आणि ती स्वतः यायला लागली.

भाऊंना कुणी हरवू शकलं नाही, हे सांगायलाच नको. पण त्याहून विचित्र गोष्ट ही की ते कुणाला जिंकू देत नसत. त्यांची सासू मूर्तिजापूरहून अकरा दिवसांसाठी आली होती, म्हातारीला खेळ आवडला, आणि ती अकराही दिवस हरली. बाराव्या दिवशी ती हरलेल्या तोंडानं गाडीत बसली. नागपूरहून एक मोठे साहेब आले होते, त्यांना हौस आली. आमचे साहेब टेबलाखालून भाऊंच्या पायाला पाय लावत होते. भाऊंनी ‘पाय काहून लावून राहिले जी?’ असं मोठ्यानं विचारलं आणि चौदाव्या बारीला त्या मोठ्या साहेबांना पुरतं धुतलं. मी मागाहून त्यांना म्हटलं की एक डाव सोडला असता तर काय बिघडलं असतं. ते म्हणाले की तसं ठरवून बसलो होतो, पण हात ऐकत नाही. अभिमानानं नाही सांगितलं, एखादा आपल्या दम्याबद्दल सांगतो तसं सांगितलं.

माझं त्यांच्याशी किती डाव झाले असतील ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. एकही जिंकलो नव्हतो. इतर लोक हरायचे आणि हसत उठायचे. मला उठता यायचं नाही. घरी गेल्यावर ताटावर बसून मी तो डाव पुन्हा मनात खेळायचो, आणि बायको म्हणायची की भाऊंनी तिसऱ्या बारीला तोफ मागे घेतली तेव्हाच तुमचं संपलं होतं. तिला हे दिसायचं. मला एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर त्यांना हरवायचं होतं. पगारवाढीपेक्षा, बढतीपेक्षा मला ते हवं होतं, आणि यात काही लाज वाटण्यासारखं आहे असं तेव्हा वाटत नव्हतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी जन्माचा डावखुरा. शाळेत मास्तरांनी छड्या मारून मला उजव्या हातानं लिहायला लावलं, त्यामुळे ड्रॉइंग मी उजव्या हातानंच काढायचो आणि सेक्शनमध्ये कुणाला माझं डावखुरेपण माहीत नव्हतं. पण मोहरा उचलायला माझा डावा हात जायचा, आणि डाव मी नेहमी डाव्या बाजूनंच उघडायचो. हे माझं मलाही ठाऊक नव्हतं. भाऊंनी तिसऱ्या-चौथ्या डावालाच ओळखलं आणि तेव्हापासून मला ‘डेबऱ्या’ म्हणायला लागले. आमच्याकडे डावखुऱ्याला डेबरा म्हणतात. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी कॉलर धरली असती. त्यांच्या तोंडी ते बरं वाटायचं, म्हणून तर अधिकच राग यायचा.

त्याच सुमारास मी नागपुरात नंदनवनला एक प्लॉट घेतला. भाऊ हौसेनं बघायला आले. या वेळी गिलासानं भागलं नाही, त्यांनी शेजारून बादली मागून आणली, मधोमध ओतली आणि उकिडवे बसले. मग म्हणाले, जोतं दोन फूट उचल. मी बांधताना एकच फूट उचललं. दोन फूट उचललं असतं तर माझी बायको जन्मभर त्याला भाऊंचं जोतं म्हणाली असती. आता दर श्रावणात स्वयंपाकघरात पाणी शिरतं. ती फक्त पीठ-मिठाचे डबे उचलून फळीवर ठेवते.

तर चार वर्षांनी भाऊंची चंद्रपूरला बदली झाली. ऑर्डर आली त्या दिवशी सगळा सेक्शन हळहळला. मीही तोंड पाडून बसलो, पण माझ्या मनात एकच विचार होता, की हा माणूस न हरता जाणार. त्याच आठवड्यात त्यांनी क्लबात जाहीर केलं की जायच्या आधी टेकडीला एक पुरवणी जोडणार आहे. परीक्षेत मुख्य पेपर संपला की मुलं पुरवणी घेतात, तशी. छोटी, एकच नकाशा, फक्त सात बाऱ्यांची. एकानं डोंगरावरून उतरून पुलापर्यंत पोचायचं, दुसऱ्यानं अडवायचं. आणि ती जाण्याआधीच्या रविवारी पहिल्यांदा आणि शेवटची ते माझ्याशी खेळणार. मी उतरणार, ते अडवणार.

दोन महिने ते जेवणाच्या सुटीत ती पुरवणी काढत बसायचे. काढायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. कुणी जवळ गेलं की वर कोरा कागद ओढायचे. इतकी खाडाखोड त्यांनी कुठल्याही सरकारी ड्रॉइंगवर केली नव्हती. रविवारी सकाळी त्यांनी गुंडाळी केलेला ट्रेसिंग पेपर माझ्या हातात दिला आणि प्रिंट काढून आणायला सांगितलं. त्यांना घरी बांधाबांध करायची होती.

प्रिंट काढायची आमची पद्धत साधी होती. काचेची मोठी चौकट असायची. काचेखाली ट्रेसिंग, त्याखाली अमोनियाचा पिवळा कागद, आणि चौकट गच्चीवर उन्हात. चाळीसपर्यंत मोजायचं, मग कागद अमोनियाच्या पेटीत. डोळ्यांतून पाणी यायचं आणि निळ्या रेघा उमटायच्या. रविवार म्हणून गच्चीवर मी एकटाच होतो. ट्रेसिंग काचेवर पसरून मी पहिल्यांदा तो नकाशा नीट बघितला.

डोंगराच्या डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत उतार होता. पुलापर्यंत सलग, मध्ये एक अडथळा नाही. उजव्या अंगाला बांधच बांध, एकामागे एक, प्रत्येक चढायचा. मी त्या डाव्या उताराकडे बघत राहिलो आणि माझं डोकं तापलं. मी डाव्या बाजूनं उघडतो हे या माणसाला ठाऊक आहे. चार वर्षांत ज्यानं मला एक घर फुकट दिलं नाही तो नेमका डावीकडे एवढा उतार ठेवतो, तो कशासाठी? आपल्या सवयीनं मी घसरत खाली जाणार आणि खाली काहीतरी मांडून ठेवलं असणार. मी सापळा शोधला. सापडला नाही. सापडत नाही म्हणजे तो फारच हुशारीनं लावला आहे, अशी माझी खात्री पटली.

मग मी ट्रेसिंग उचलला आणि पालथा करून काचेखाली ठेवला.

नकाशावर एकही अक्षर नव्हतं, त्यामुळे उलटा छापला तरी कुणाला कळणार नव्हतं. डावीकडचा उतार उजवीकडे गेला, उजवीकडचे बांध डावीकडे आले. त्यांचा सापळा उजवीकडे पडून राहील आणि बांध चढावे लागले तरी मी माझ्या बाजूनं निवांत जाईन, हा माझा हिशेब. शिवाय दोन महिने त्यांनी डोक्यात घोळवलेला नकाशा एकदम आरशातल्यासारखा समोर आला की त्यांचा कुठेतरी गोंधळ होईल. ते ओळखणार हे मला माहीत होतं. ओळखलं तर घाईत पालथा पडला म्हणायचं ठरवून ठेवलं होतं. मी चाळीस मोजले. अमोनियानं डोळे भरून आले, ते अमोनियानंच.

दुपारी क्लब भरला होता. नारळवाली फिटरीणबाई पुढे, माझी बायको तिच्या शेजारी. मी प्रिंट टेबलावर पसरली. भाऊंनी चष्मा लावला आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. मी ‘घाईत’ हा शब्द जिभेवर आणून ठेवला होता. त्यांनी एका रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले,

“रेघ भल्ली सुंदर आली गा डेबऱ्या. सुलट छापल्यावर इतली येत नाही.”

लोकांना वाटलं माझी तारीफ केली. त्यातलं मर्म क्लबात आम्हा दोघांनाच कळण्यासारखं होतं. ट्रेसिंग पालथा ठेवला की शाई सरळ कागदाला टेकते, उजेड रेघेखाली शिरत नाही आणि रेघ जास्त ठसठशीत उमटते. ते पुढे काही बोलतील म्हणून मी थांबलो, पण त्यांनी मोहरे मांडायला घेतले. मांडून झाल्यावर समोर पाच शेंगा ठेवल्या आणि पहिली फोडली.

मी डाव्या बाजूनं निघालो. पहिल्या बारीला एक बांध, दुसऱ्या बारीला दुसरा. उजवीकडचा उतार मला दिसत होता, पण तिकडे सापळा आहे हे मी स्वतःला बजावत होतो, आणि डावा हात तसाही उजवीकडे जायला तयार नव्हता. भाऊ त्या दिवशी शेंगा इतक्या हळू खात होते की मागून कुणीतरी कुरकुरलं. चौथ्या बारीला माझे दोन वायसर गेले. मी उजव्या उताराकडे बघितलं की ते चावणं थांबवायचे, आणि मी पुन्हा डावीकडे हात नेला की चावायला लागायचे. सातवी बारी संपली तेव्हा मी पुलापासून तीन घरं लांब होतो. त्यांनी कधी नव्हे ती मान खाली घातली आणि मोहरे गोळा केले. टाळ्या वाजल्या. मी पुन्हा हरलो होतो, या वेळी लबाडी करून हरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरजवळच्या वाडीहून ट्रक आला. सामान चढवायला अर्धी कॉलनी आली होती, म्हणून मलाही जावं लागलं. ट्रकच्या फळीला दोर बांधताना त्यांनी मला जवळ बोलावलं.

“कागद उलटा काहून ठेवला गा?”

“घाईत पडला,” मी म्हणालो.

ते दोराची गाठ आवळत राहिले. मग म्हणाले, “तुले माहीत आहे, मले मुद्दाम हरता येत नाही. हात ऐकत नाही. म्हणून म्या असा नकाशा काढला का म्या पुरी ताकत लावली तरी तूच जिंकला पाह्यजे. दोन महिने लागले. डाव्या अंगाचा सगळा उतार तुयासाठी ठेवला होता.”

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. वाईट वाटलं, शरम वाटली, पण या सगळ्याच्या आधी, क्षणभर आधी, मला पुन्हा हेवाच वाटला. मी चार वर्षं त्यांच्या शीटांवर चूक शोधत बसलो होतो, आणि हा माणूस त्याच चार वर्षांत माझा हात कुठे जातो ते बघत बसला होता. माझ्यापेक्षा नीट बघत बसला होता. तेवढ्यात ट्रकवाल्यानं गाडी चालू केली. ट्रेसिंग तुझ्याजवळच राहू दे, एवढं ते म्हणाले आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले.

तो ट्रेसिंग दोन वर्षं कपाटावर पडून होता. नंदनवनच्या घरात राहायला आल्यावर एका रविवारी मी तो काढला, सुलट बाजूनं प्रिंट काढून आणली आणि बायकोला समोर बसवलं. तोवर तिला मी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. तिनं उठून कढईत शेंगा भाजायला टाकल्या. मग आम्ही खेळलो. ती भाऊंच्या बाजूनं. मी डाव्या हातानं, डावीकडून उतरलो, आणि सहाव्या बारीला माझा वायसर पुलावर होता. पुन्हा खेळलो. पुन्हा सहाव्या बारीला.

मी भाऊंना पोस्टकार्ड टाकलं. माफीचं वाक्य तीन वेळा लिहून खोडलं, शेवटी एवढंच लिहिलं की डावीकडून उतरलो, सहाव्या बारीला जिंकलो. आठ दिवसांत उत्तर आलं. त्या अक्षराचा मला तेव्हाही हेवा वाटला. कार्डावर एकच ओळ होती: ‘आता मायाकडून खेळून पाह्य.’

तेव्हापासून मी त्यांच्या बाजूनं खेळतो. नोकरीची आता चारच वर्षं राहिली आहेत, केस पांढरे झाले, पण अजून रविवारी दुपारी आम्ही दोघं बसतो. बायको डोंगरावर, मी पुलाशी. मी तिला जिंकू देत नाही, पुरी ताकद लावतो. कानावर लाल पेन्सिल ठेवूनच बसतो. असं ड्रॉइंग अजून जन्माला यायचं आहे की ज्यात चूक नाही, आणि ज्या बाजूनं हरावंच लागतं अशा बाजूत कुठेतरी एखादं घर सुटलं असणारच. ते सापडलं की मी त्याभोवती गोल काढणार आणि ती प्रिंट चंद्रपूरला पाठवणार. भाऊ ते बघून किती खूश होतील हे मला माहीत आहे, आणि तरी पाठवणार.

दर वेळी ती डावीकडून उतरते. माझ्या तोफा मी नाना जागी मांडून बघितल्या आहेत. सहाव्या बारीला तिचा वायसर पुलावर येतो आणि ती विचारते, “आज बी हरले नं जी?”

मी लाल पेन्सिल कानावरून काढून खाली ठेवतो. समोर दोन शेंगा उरलेल्या असतात. पहिली फोडतो, दाण्याचं लाल साल काढतो, फुंकून टाकतो आणि हळूहळू खातो.